दोन गाड्या, एक गेट आणि चाळीतला कांदा

आमच्या मामांचं पिंपळगाव बसवंतला कांद्याचं खळं आहे. फोनवर पलीकडून बंगाली हेलातलं हिंदी कानावर आलं की पहिल्याच शब्दावरून ते ओळखतात माणूस कुठला. "दादा" म्हणाला की पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या घोजाडांग्याचा एजंट, म्हणजे आपला. "भाई" म्हणाला की गेटापलीकडच्या भोमऱ्याचा पार्टी, माल घेणारा, म्हणजे बांगलादेशी. दोघांच्या ऑफिसात अंतर किती, तर मधे एक गेट आणि थोडीशी नो मॅन्स लँड, चालत गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचाल. पण सप्टेंबर २०२० मध्ये आमची एक गाडी तेवढंच अंतर जायला सहा दिवस खपली, आणि दुसरी गेलीच नाही. नाशिकमधे कांदा निर्यातबंदी म्हटलं की लगेच भाव, मतं, रास्ता रोको हेच बोललं जातं, ते बरोबरच आहे, पण मला या दोन गाड्यांची गोष्ट सांगायचीय कारण दोन देशांमधलं धोरण म्हणजे नक्की काय होतं ते मला पुस्तकापेक्षा या बिल्ट्यांमधून जास्त कळलं. त्या सीझनला मी मामांची कागदं बघायचो. लॉकडाऊनमधे माझं नाशिकमधलं काम बंद पडलेलं, मामा म्हणाले, "घरी बसून काय करतोस भाच्या, इकडं ये, मेल तरी कर." म्हणून गेलो.

आधी माल काय होता ते सांगतो, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. सप्टेंबरात आपल्याकडे जो कांदा विकला जातो तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमधे काढून साठवणीच्या कांदाचाळीत टाकलेला. डबल पत्तीचा, टणक, म्हणून टिकतो. पण टिकतो म्हणजे चाळीत टिकतो, खालून वरून वारा लागत असेल तर. भाद्रपद येईपर्यंत तो चार-पाच महिन्यांचा म्हातारा झालेला असतो, पावसाळी हवेनं काजळी धरलेली असते, काहींच्या पोटात कोंब सुटायला लागलेला असतो. त्याला चाळीतून काढून, निवडून, जाळीच्या गोणीत भरून, ताडपत्रीखाली कोंबून दोन हजार किलोमीटर नेणं म्हणजे आजीला एसटीच्या टपावर बसवून काशीला नेण्यासारखं आहे. चार-पाच दिवसांत पोचली तर ठीक. सगळं गणित त्या चार-पाच दिवसांवर चालतं.

८ सप्टेंबरला संध्याकाळी दोन गाड्या निघाल्या. प्रत्येकीत ५० किलोच्या ४४० गोण्या, म्हणजे २२ टन. धुळे, नागपूर, रायपूर, मग खरगपूर, कोलकाता ओलांडून बशीरहाट, आणि तिथून घोजाडांगा. पहिल्या गाडीवर होते ते ड्रायव्हर, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, वीस वर्षं बंगाल लाईनला चालवतात, बंगाली शिव्या अस्खलित. दुसऱ्या गाडीवर त्यांचाच पुतण्या. एकाच खळ्यातला माल, एकाच दिवशी भरलेला, एकाच पार्टीला जाणारा. प्रयोगशाळेत ठरवून केल्यासारखं झालं ते नंतर, म्हणून तर लिहायला बसलोय.

१४ तारखेचा सोमवार

सकाळी एजंटचा फोन, "दादा, पहिल्या गाडीचं एलईओ झालं." एलईओ म्हणजे लेट एक्सपोर्ट ऑर्डर (लेट म्हणजे उशीर नाही, 'जाऊ द्या'), कस्टमनं माल आणि कागद बघून दिलेली शेवटची हो. ती मिळाली की कायद्याच्या हिशोबानं माल गेल्यातच जमा, फक्त चाकं फिरायची राहतात. दुसऱ्या गाडीचं शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडं भरायचा निर्यातीचा कागद, त्याच दिवशी भरणार होते, ती लायनीत जरा मागं होती, आप्पांच्या गाडीच्या मागं दहा-बारा गाड्या सोडून.

दुपारनंतर लाईन हलेना. का हलेना कुणी सांगेना. एजंट म्हणाला वरून तोंडी आलंय थांबवा म्हणून. संध्याकाळी डीजीएफटीचं, म्हणजे दिल्लीच्या विदेश व्यापार खात्याचं, नोटिफिकेशन व्हॉट्सअॅपवर फिरायला लागलं, कांद्याच्या सगळ्या जातींची निर्यात बंद, तात्काळ लागू. मी ते तीन वेळा वाचलं. दोनच परिच्छेद असतील. पण त्यात एक वाक्य होतं ज्याच्यावर माझं बोट थांबलं, की विदेश व्यापार धोरणातल्या परिच्छेद १.०५ मधली संक्रमणकालीन सवलत या नोटिफिकेशनला लागू राहणार नाही.

हे वाक्य समजावून सांगतो कारण अख्खं प्रकरण त्याच्यातच आहे. सरकार एखादी वस्तू बंद करतं तेव्हा साधारण नियम असा की ज्यांनी आधीच करार केलाय, एलसी, म्हणजे बँकेची पैसे द्यायची हमी, आधीच उघडलीय, त्यांना ठराविक मुदतीत माल पाठवता येतो. बरोबरच आहे ना, काल जे कायदेशीर होतं त्यावर विश्वास ठेवून ज्यानं गाडी भरली त्याचा काय गुन्हा. १.०५ म्हणजे ती सवलत. नोटिफिकेशननं तीच काढून टाकली. म्हणजे बंदी पुढच्या मालाला नव्हती फक्त, रस्त्यावरच्या मालाला पण होती, भरलेल्या, विकलेल्या, पैसे ठरलेल्या.

मी मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे आपली गाडी गेली पण नाही अन् आली पण नाही, असंच ना?"

असंच.

दिल्लीची बाजू पण सांगतो, नाहीतर एकांगी होईल. त्या वर्षी कर्नाटक, आंध्रात पावसानं खरीपाचा कांदा झोपवला होता, आपल्याकडं चाळीत ओल शिरली होती, भाव चढायला लागले होते. शहरात कांदा महागला की सरकारं घाबरतात हे काही नवीन नाही आणि बिहारची निवडणूक दोन महिन्यांवर होती. पण गंमत बघा. त्याच वर्षी ५ जूनला अध्यादेश काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यातून जवळजवळ बाहेर काढला होता, शेतकऱ्याला मोकळा बाजार देतोय म्हणून, आणि त्याचं विधेयक संसदेत पास झालं २२ सप्टेंबरला. म्हणजे निर्यातबंदीनंतर आठ दिवसांनी मोकळ्या बाजाराचा कायदा! आणि मग २३ ऑक्टोबरला परत साठ्यावर मर्यादा, होलसेलला २५ टन, रिटेलला २ टन. आमच्या खळ्यावरचा मापारी म्हणाला, हे असं तोललं ना मी तर मला बाजार समितीत पाय ठेवू देणार नाहीत.

शरद पवार दुसऱ्याच दिवशी पियुष गोयलांना भेटले, म्हणाले याने भरवशाचा निर्यातदार म्हणून आपलं नाव खराब होतं आणि फायदा पाकिस्तानला आणि इतरांना होतो. तेव्हा आम्हाला वाटलं राजकारण चाललंय. नंतर त्यातलं भरवशाचं शब्दशः खरं ठरलं, पण ते पुढं.

पलीकडच्या बाजूला

त्याच १४ तारखेला, म्हणजे तोच सोमवार बरं का, बांगलादेशातून हिलसा माशाची पहिली खेप पेट्रापोलला आली. हिलसा म्हणजे त्यांचा इलिश, बंगाली माणसाचा जीव. बांगलादेशनं २०१२ पासून त्याची निर्यात बंद ठेवलेली, पण दुर्गापूजेसाठी खास सवलत म्हणून पाठवला होता. एका गेटनं इलिश आत येतोय आणि दुसऱ्या गेटवर कांदा अडवलाय. भोमऱ्याच्या पार्टीनं मामांना त्या माशाच्या ट्रकचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. मामा म्हणाले, "शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं."

ढाक्याच्या परराष्ट्र मंत्रालयानं १५ तारखेला आपल्या हाय कमिशनला पत्र दिलं. त्यातला मुद्दा बंदी का केली हा नव्हताच. मुद्दा होता की २०१९ आणि २०२० च्या बोलण्यांमधे ठरलं होतं की असं काही करायचं असेल तर आधी कळवा, त्याचं काय झालं. आणि ते का ठरलं होतं? कारण २९ सप्टेंबर २०१९ ला पण आपण हेच केलं होतं. तेव्हा चार-पाच दिवसांनी शेख हसीना दिल्लीत आल्या, उद्योगपतींसमोर चक्क हिंदीत बोलल्या की तुम्ही कांदा का बंद केलात माहीत नाही, मी आमच्या स्वयंपाक्याला सांगितलंय जेवणात कांदा घालू नको, पुढच्या वेळी जरा आधी सांगत जा. सगळे हसले. व्हिडिओ बघा, सगळे खरंच हसले. आणि नोव्हेंबरात तिकडं कांदा २५० टाकांच्या आसपास गेला किलोला, विमानानं आणावा लागला. त्यांनी हसत हसत मागितलेली गोष्ट आपण जेमतेम एक वर्षानं परत नाही दिली.

इथं मला एक गोष्ट उशिरा कळली. आपल्यासाठी कांदा म्हणजे शेतीचा विषय, फार तर महागाईचा. त्यांच्या टीव्हीवर तो "भारत" या विषयात येतो. त्या यादीत काय काय आहे, तर तीस्तेचं पाणी, ज्याचा करार २०११ ला होता होता राहिला तो आजपर्यंत राहिलाय. सीमेवरचे गोळीबार. ७ जानेवारी २०११ ला कुरीग्रामच्या सीमेवर काटेरी कुंपण ओलांडताना फेलानी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला गोळी लागली आणि ती कुंपणालाच लटकून राहिली, तो फोटो तिकडं प्रत्येकानं पाहिलेला आहे, बीएसएफच्या कोर्टात जवान दोनदा निर्दोष सुटला, आपल्याच मानवाधिकार आयोगानं पाच लाख भरपाईची शिफारस केली. नाशकात दहा जणांना विचारा फेलानी कोण, एकालाही सांगता यायचं नाही, मलाही येत नव्हतं, मला ते भोमऱ्याच्या पार्टीनं सांगितलं, कांद्याच्या पेमेंटबद्दल बोलता बोलता, सहज. आपल्या बाजूनं सीमा सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही, चार हजार शहाण्णव किलोमीटरची सीमा, त्यातली अर्ध्याहून जास्त एकट्या पश्चिम बंगालला, मधे नद्या, शेतं, तस्करी आहे, घुसखोरी आहे, गेटवर गाडी तपासायलाच हवी. पण गेटवर जी गाडी तपासून, स्कॅन करून, शिक्का मारून उभी आहे ती अडवली आणि भावातला फरक दुप्पट-तिप्पट झाला की डोक्यावर गोणी घेऊन रात्री नदीतून जाणाऱ्याचा धंदा कोण वाढवतं? सुरक्षावाल्यांनीच याच्यावर आधी बोलायला पाहिजे खरं तर.

सहा रात्री

आता गाड्या. बुधवारी १६ तारखेला मामांनी निर्णय घेतला, मागची गाडी वळव. तिचं एलईओ झालेलं नव्हतं, म्हणजे माल अजून आमचाच, कस्टमचा संबंध नाही. पुतण्यानं गाडी फिरवली, तशीच कोलकात्याच्या पोस्ता बाजारात नेली. तिथं आधीच अशा परत फिरलेल्या गाड्यांची गर्दी, भाव पाडून मागत होते, दिला. पाच-सात टक्के खाद, म्हणजे सडका माल, निघाली. सगळा खर्च धरून त्या गाडीत साधारण सत्तर हजार गेले. वाईट, पण धंद्यात जातात.

आप्पांची गाडी वळवता येईना. का, तर तिचं एलईओ झालं होतं! माल कागदोपत्री निर्यात झालेला, आता तो परत बाजारात आणायचा तर कस्टमची वेगळी परवानगी, शिपिंग बिल रद्द करायची प्रक्रिया, अर्ज, सही. आणि एजंट रोज म्हणायचा, दादा थांबा, एलईओवाल्या गाड्या सोडणार आहेत, दिल्लीत बोलणं चालू आहे. जिच्याकडं परवानगी होती ती अडकली आणि जिच्याकडं नव्हती ती मोकळी झाली. मला त्या आठवड्यात रात्री झोप यायची नाही, सारखं वाटायचं सोमवारी सकाळी एजंटला एवढी घाई करायला मीच सांगितलं होतं.

आप्पांचं काय चाललं होतं ते मी फोनवरून बघत होतो. रस्त्याच्या कडेला गाडी, दोन्हीकडं भातशेती आणि पाणी, कोरोनाचे दिवस, गावातले लोक बाहेरच्या ड्रायव्हरला हातपंपावर येऊ देईनात. संडासची सोय नाही. पार्किंगचे पैसे रोजचे वेगळे, हॉटेलवाल्यानं जेवणाचे दर वाढवलेले. पासपोर्ट नाही, असायची गरजच नसते, माल उतरवायला पलीकडच्या यार्डापर्यंत जायला पास मिळतो आणि त्याच दिवशी परत. म्हणजे पुढं जाता येत नाही. गाडी सोडून मागं येता येत नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी तेव्हा १९६१ चा कायदा होता, दिवसाला आठ तास काम, आठवड्याला ४८, विश्रांतीची सोय, सगळं लिहिलेलं. सहा दिवस चोवीस तास गाडीत बसलेल्या माणसाला त्यातलं कोणतं कलम लावायचं? तो काम करत होता की विश्रांती घेत होता? मामांनी रोजचा भत्ता पाठवला, सगळे पाठवत नव्हते. मानवी हक्क म्हटलं की आपल्याला कोर्ट, जेल, कस्टडी आठवतं. मला आता आप्पांचा चौथ्या दिवशीचा मेसेज आठवतो, "दादा अंघोळ केली. पावसात."

पाचव्या दिवशी त्यांनी व्हिडिओ पाठवला. ताडपत्री एका कोपऱ्यातून वर केलेली. आतून वाफ येत होती, खरंच वाफ, स्वयंपाकघरातल्यासारखी. जाळीच्या गोणीतून हिरवे कोंब बाहेर आलेले, बोटभर लांब, एका बाजूला वळलेले, जिकडून उजेड येत होता तिकडं. आणि फाळक्याच्या फटीतून तपकिरी पाणी थेंब थेंब गळत होतं खाली रस्त्यावर, त्याच्यावर माशा. आप्पा काही बोलत नव्हते व्हिडिओत, फक्त शेवटी कॅमेरा वर करून लांबवर गेट दाखवलं. मामांनी तो व्हिडिओ मामींना दाखवला नाही. मामींच्या माहेरच्या चाळीतला माल होता तो.

१८ तारखेला दिल्लीनं बांगलादेशसाठी २५,००० टनांची खास परवानगी काढली आणि १९ ला, शनिवारी, ज्यांची कागदं १४ च्या बंदीआधीच्या खात्यात बसत होती त्या गाड्या घोजाडांगा, महदीपूर, हिली इथून सुटल्या. बातम्यांमधे आलं की भारतानं शेजारधर्म पाळला. आप्पांची गाडी दुपारी आत गेली. भोमऱ्याच्या यार्डात गोण्या उतरवून जमिनीवर ओतल्या, बायका बसल्या निवडायला. ४४० मधल्या १५० गोण्या नीट निघाल्या. बाकीच्यातलं अर्धं मिळेल त्या भावाला तिथंच विकलं, अर्धं फेकलं.

आता एलसीचा नियम असा की बँक कागद बघून पैसे देते, कांदा बघून नाही. आमचे कागद चोख होते. मामा पूर्ण रक्कम उचलू शकत होते आणि पार्टी काहीही करू शकला नसता. मी म्हटलं पण तसं. मामा म्हणाले, "त्यानं गेट बंद केलं का? अन् मला पुढच्या साली त्यालाच फोन करायचाय ना." निम्म्याच्या आसपास सूट दिली. भाडं, थांबलेल्या दिवसांचे पैसे, पार्किंग, सगळं धरून त्या गाडीत पावणेतीन लाख गेले. म्हणजे ज्या गाडीला शेजारधर्माची परवानगी मिळाली ती नाकारलेल्या गाडीच्या जवळजवळ चौपट महाग पडली. पहिल्याच दिवशी एका ओळीत लिहिलं असतं, एलईओ झालेल्या गाड्या जाऊ द्या, तर तेवढाच कांदा गेला असता, भारतातला भाव एक रुपयानं हलला नसता, आणि ढाक्याला पत्र लिहावं लागलं नसतं. चार दिवसांनी तेच केलं, फक्त कांदा कुजल्यावर.

कायद्यात आधी सांगायचं बंधन आहे का? आहे असं म्हणता येतं. डब्ल्यूटीओच्या शेती करारात कलम १२ आहे, खाद्यवस्तूंची निर्यात रोखणाऱ्यानं आयात करणाऱ्याच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि आधी कळवावं. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, पण ती वस्तू जो देश निव्वळ निर्यात करतो त्याला ती सूट नाही, आणि कांद्यात आपण तसेच आहोत. आर्थिक-सामाजिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याच्यात भारत १९७९ पासून आणि बांगलादेश १९९८ पासून आहे, कलम ११ मधे अन्नाच्या हक्काखाली आयात आणि निर्यात करणाऱ्या दोन्ही देशांच्या अडचणी धरून वाटप करावं असं स्पष्ट लिहिलंय. अर्थात कांद्यासाठी कुणी कुणाला जीनिव्हाला खेचत नाही. शेजारी खेचत नाहीत, ते लक्षात ठेवतात.

त्यांनी लक्षात ठेवलं

९ ऑक्टोबरला बंगलोर रोझ आणि कृष्णापुरम कांद्याला प्रत्येकी १०,००० टन सूट मिळाली, चेन्नई बंदरातून. नाशिकच्या कांद्याला नाही. यावर जास्त बोलत नाही, बीपी वाढतं. १ जानेवारी २०२१ पासून निर्यात उघडली. मामांनी भोमऱ्याला फोन केला, माल गेला, सगळं पूर्वीसारखं वाटलं.

पूर्वीसारखं नव्हतं. पार्टी आता दोन गाड्यांच्या वर एकदम ऑर्डर देईना. "भाई, पहले वाला आ जाये फिर." मग त्यांच्या सरकारनं त्यांच्या काढणीच्या सीझनला आयपी, म्हणजे इम्पोर्ट परमिट, द्यायचं बंद करायला सुरुवात केली. मार्च २०२३ मधे बंद केले ते ५ जूनला उघडले. तोवर आपण परत आपल्या वळणावर. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्या बंद, मग क्विंटलला २,४१० रुपयांनी सरकारी खरेदीची घोषणा, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, ८ डिसेंबरला थेट बंदी. १ मार्च २०२४ ला परत बांगलादेशला ५०,००० टनांची खास परवानगी, ती पण एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत, आमच्यासारख्यांचा संबंधच नाही. ४ मे ला बंदी उठली पण ४० टक्के शुल्क लागलंच. लोकसभेला दिंडोरीत केंद्रातल्या मंत्री पडल्या तेव्हा कुठं दिल्लीला कांद्याचा वास गेला असं आमच्याकडं म्हणतात. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं.

आणि गेलं तेव्हा पलीकडचं गेट बंद! ऑगस्ट २०२४ ला हसीना गेल्या, दोन्ही देशांचे संबंध बिघडले, ते एक कारण धरा. पण ते अर्धंच. २०२५ मधे त्यांनी बराच काळ आयपी दिलेच नाहीत आणि डिसेंबरात दिले ते सुरुवातीला दिवसाला ५० परवानग्या, प्रत्येकी जास्तीत जास्त ३० टन. रेशनच्या दुकानासारखं. त्यांचा शेतकरी म्हणतो भारताचा कांदा आला की आमचा भाव पडतो, आणि त्यांचं सरकार ते ऐकतंय. आपल्याकडं लासलगावला जे वाक्य ऐकू यायचं तेच आता फरीदपूर, पाबन्याला. आता नोटिफिकेशन तिकडं निघतं आणि आम्ही व्हॉट्सअॅपवर वाट बघतो. आधी कळवा, असं म्हणायला आपल्याला तोंड आहे का, हा प्रश्न मी मामांना विचारला होता, त्यांनी तंबाखू मळता मळता फक्त माझ्याकडं बघितलं.

आप्पांनी बंगाल लाईन सोडली. आता पिंपळगाव ते वाशी मारतात, सकाळी घरी. पुतण्या अजून जातो कधीमधी.

भोमऱ्याच्या पार्टीचा फोन अजून येतो, ईदला, दिवाळीला. गेल्या सीझनला त्यानं एक फोटो पाठवला. त्याच्या मेव्हण्याचं शेत, कांद्याची हिरवीगार पात, गुडघ्याएवढी. तिकडं पावसाळ्यानंतरचा कांदा व्हायचा नाही पूर्वी फारसा, म्हणून तर सप्टेंबर-ऑक्टोबरात ते आपल्यावर अवलंबून असायचे. त्यांच्या सरकारनं उन्हाळी-पावसाळी कांद्याचं बी शेतकऱ्यांना वाटायला सुरू केलं, प्रोत्साहन म्हणून. दुसऱ्या फोटोत बियाण्याचं पाकीट होतं, बंगाली अक्षरं. मला वाचता येईना, मी त्याला विचारलं काय लिहिलंय, तो म्हणाला "नासिक एन-त्रेपन्न, भाई. आप ही का है."

एन-५३ म्हणजे आपल्या निफाडच्या संशोधन केंद्रातला लाल कांदा. खळ्यापासून अर्ध्या तासावर.

मी मामांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, पात बघितली, वाफ्यातलं अंतर बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, "लागवड दाट केलीय त्यानं, गोल्टी निघंल, बारका कांदा. सांग त्याला."

मी सांगितलं.